व्हिडिओ बघा, पण पेन हातात ठेवून

माझ्याकडे दहावीची मुलं शिकवणीला येतात. "मॅडम, व्हिडिओ बघितला, समजलं," म्हणतात; वही मात्र कोरी!

त्यांना सांगते, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारच्या अभ्यासाच्या ॲपवर स्कॅन करा. यूट्यूबवर शोधत बसलात तर तास गेलाच म्हणून समजा. वर्गसमीकरणाचं उदाहरण, समजा x² + ७x + १२ = ०, पडद्यावर आलं की व्हिडिओ लगेच थांबवा. मधल्या पदाची फोड करायचीय? बेरीज ७ आणि गुणाकार १२ येणाऱ्या संख्या आधी कागदावर शोधा, मगच पुढे चालवा. अडलं तर मागे जा. दीडपट वेग उजळणीपुरताच. स्क्रीनशॉटचा ढीग म्हणजे नोट्स नव्हेत, तो कुणी उघडतही नाही. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण, मोबाइल आईकडे देऊन, आकडे बदलून सोडवा.