लंडन ते पॅरिस: निघण्याआधी

तिकिटांचे दर बघण्याआधी पासपोर्ट उघडा आणि शेंगेन व्हिसाच्या (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाच्या) स्टिकरवर किती वेळा प्रवेश दिलाय ते वाचा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. मुंबईहून पॅरिसला उतरायचं, मध्ये लंडन करायचं आणि परतीचं विमान पुन्हा पॅरिसहून धरायचं असा बेत असेल, तर फ्रान्समध्ये तुम्ही दोनदा शिरता. तिथे एका प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. हे लंडनला पोहोचल्यावर कळलं तर फार जीव टांगणीला लागतो, म्हणून ते अर्ज भरतानाच बघा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. तो काढताना त्यात ब्रिटनही धरलंय ना, हे विचारून घ्या.

आता विमान की रेल्वे? दोन शहरांत सरळ रेषेत साधारण ३४४ किलोमीटर अंतर आहे आणि विमानाला सव्वा तास लागतो. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांचा फरक दिसेल, कारण पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे आहे. पण हिशेब घरापासून घरापर्यंतचा करा. हीथ्रोला पोहोचायला तास, विमानतळावर दोन तास आधी, उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाहून शहरात यायला आणखी अर्धा-पाऊण तास. पाच तास सहज जातात. युरोस्टार ही रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून निघते आणि सुमारे दोन तास वीस मिनिटांत थेट पॅरिसमधल्या गार द्यु नॉर स्थानकात पोहोचते. ती इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून जाते; १९९४ साली सुरू झालेला हा बोगदा ५० किलोमीटरचा आहे, त्यातले जवळजवळ ३८ समुद्राच्या तळाखाली. मी तरी रेल्वेच निवडेन, आई-बाबा सोबत असतील तर नक्कीच.

मात्र ही आपली लोकल नव्हे, धावत जाऊन पकडता येत नाही. गेट गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी बंद होतं. फ्रान्सचे पोलीस पासपोर्ट लंडनच्या स्थानकावरच तपासतात. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे दीड तास हाताशी ठेवा. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद खांद्यावरच्या पिशवीत, छापील. हे सोपस्कार इथे झाले की पॅरिसला उतरून सरळ बाहेर पडायचं.

सामानाला वजनाची अट नाही, पण मोठ्या दोनच बॅगा, आणि त्या डब्यात स्वतः चढवायच्या. जेवढी उचलता येईल तेवढीच भरा. तूप, पेढे, खव्याची बर्फी घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आत नेता येत नाही. दुधाचे पदार्थ नसलेला घरचा सुका खाऊ, चटणी-चिवडा, चालतो.

ॲडॅप्टर दोन लागतील: ब्रिटनला तीन चपट्या पिनांचा, फ्रान्सला दोन गोल पिनांचा. पाउंड पॅरिसच्या दुकानात चालत नाहीत, तेव्हा थोडे युरो आधीच जवळ ठेवा, आणि निघायच्या आदल्या रात्री तिकीट फोनमध्ये उतरवून घ्या.