एक्सेलची फाइल उघडत नाही? आधी तिचा आजार ओळखा

फाइलवर डबल-क्लिक केलं आणि शीटऐवजी एरर आली, की माणूस हमखास घाई करतो. एक्सेल जे विचारेल त्याला 'येस' म्हणत सुटतो आणि अर्धवट दुरुस्त झालेली फाइल जुन्याच नावाने सेव्ह करून बसतो. मीही एकदा हेच केलं होतं. मूळ फाइलमधून जे काही वाचवता आलं असतं, ते त्या एका सेव्हने गेलं.

म्हणून पहिली पायरी: फाइलची कॉपी काढा, तिला वेगळं नाव द्या आणि पुढचे सगळे प्रयोग कॉपीवरच करा. फाइल पेनड्राइव्हवर असेल तर आधी ती कम्प्युटरवर घ्या. कॉपी करतानाच एरर येत असेल, तर बिघाड बहुधा ड्राइव्हचा आहे. मग त्या ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका.

नेमकं झालंय काय?

फाइलवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार बघा. शून्य बाइट्स दिसले तर आत दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. वेळ न घालवता थेट खालच्या 'जुनी प्रत शोधा' या भागाकडे वळा.

'फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे' असा मेसेज येतो आणि प्रत्यक्षात कोणीच उघडलेली नसते, हा प्रकार सगळ्यात निरुपद्रवी. फाइल उघडली की एक्सेल त्याच फोल्डरमध्ये ~$ या खुणांनी सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल बनवतं आणि बंद करताना ती पुसतं. एक्सेल मध्येच क्रॅश झालं तर ती मागे राहते. टास्क मॅनेजरमध्ये एक्सेल अजून चालू असेल तर ते बंद करा, मग ती छोटी फाइल डिलीट करा. सामायिक फोल्डर असेल तर मात्र आधी सहकाऱ्यांना विचारून घ्या.

ईमेलमधून आलेली फाइल अडत असेल तर 'प्रॉपर्टीज'मध्येच खाली 'अनब्लॉक'चा चौकोन दिसतो. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल खरंच त्याने पाठवली असेल, तरच तिथे टिक करा.

फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं) जुळत नाही अशी तक्रार असेल, तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडा आणि अगदी सुरुवातीची अक्षरं बघा. २००७ पासूनची एक्सएलएसएक्स फाइल ही खरं तर झिप फाइल, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं असते, त्यामुळे ती रोमन 'पी' आणि 'के' या अक्षरांनी सुरू होते. झिप फॉरमॅट बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ही आद्याक्षरं. त्याऐवजी 'एचटीएमएल' किंवा 'टेबल' असा शब्द दिसला तर ते एक्सेलचं नाव लावलेलं वेबपेज आहे. अनेक ऑफिस सॉफ्टवेअरचं 'एक्स्पोर्ट टू एक्सेल' हेच करतं. इशाऱ्याला 'येस' म्हणून उघडा आणि एक्सएलएसएक्स म्हणून नव्याने सेव्ह करा. आकार बरोबर, पण आत नुसतीच रिकामी जागा दिसत असेल तर बातमी वाईट आहे. सेव्ह होताना वीज गेली की असं होऊ शकतं, आणि अशा फाइलमध्येही दुरुस्त करायला काही नसतं.

दुरुस्ती

१. रिकामं एक्सेल सुरू करा. 'फाइल', 'ओपन', 'ब्राउझ' असं जाऊन कॉपीवर एकदाच क्लिक करा. 'ओपन' बटणाशेजारच्या बाणात 'ओपन अँड रिपेअर' आहे. आधी 'रिपेअर' करून बघा. ते फसलं तर 'एक्स्ट्रॅक्ट डेटा' घ्या, त्यात निदान आकडे आणि फॉर्म्युले हाती लागतात. शेवटी एक्सेल काय काय काढून टाकलं त्याची यादी दाखवतं. ती न वाचता बंद करू नका.

२. फाइल उघडताना नुसतीच अडकून बसत असेल, तर रिकाम्या वर्कबुकमध्ये 'फॉर्म्युलाज' टॅबवर जाऊन 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स'मध्ये 'मॅन्युअल' करा आणि मग ती उघडा. कंट्रोलची कळ दाबून धरत एक्सेल सुरू केलं तर ते सेफ मोडमध्ये, ॲड-इन्सशिवाय (एक्सेलला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅम्सशिवाय) उघडतं. कधीकधी दोष त्या ॲड-इनचाच असतो.

३. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडून बघा. ते फुकट आहे, आणि एक्सेल जिथे हात टेकतं तिथे ते कधीकधी चूक पोटात घालून फाइल दाखवतं. सजावट बिघडेल, पण डेटा मिळेल.

४. तरीही नाहीच, तर कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत 'एक्सएल' फोल्डरमध्ये 'वर्कशीट्स' सापडेल, त्यात प्रत्येक शीटची वेगळी फाइल असते. चित्रं 'मीडिया' फोल्डरमध्ये असतात. मजकूर शोधायचा तर 'शेअर्डस्ट्रिंग्ज' नावाची फाइल बघा, कारण एक्सेल शब्द एकाच ठिकाणी साठवतं आणि सेलमध्ये फक्त त्यांचा क्रमांक ठेवतं. तारखाही आकड्यांच्या रूपात दिसतील: ४५२९२ म्हणजे १ जानेवारी २०२४. काम किचकट आहे, पण महत्त्वाच्या चार रकान्यांसाठी मी ते करेन. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे अर्धवट डाउनलोड झालेली फाइल उघडतच नाही. ती सरळ पुन्हा डाउनलोड करा.

'फुकट दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या वेबसाइटवर पगारपत्रक किंवा ग्राहकांची यादी चढवू नका. फाइल दुरुस्त होवो न होवो, डेटा तुमच्या हातातून गेलेला असतो.

जुनी प्रत शोधा

खरं सांगायचं तर दुरुस्तीपेक्षा जुनी प्रत जास्त वेळा कामी येते. फाइल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) असेल तर 'व्हर्जन हिस्टरी' बघा. विंडोजमध्ये फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' असतं, मात्र ते आधीपासून चालू असावं लागतं. कधीच सेव्ह न केलेली फाइल 'इन्फो'मधल्या 'मॅनेज वर्कबुक'खाली 'रिकव्हर अनसेव्हड वर्कबुक्स'मध्ये सापडू शकते.

आणखी एक जागा फारशी कोणाला माहीत नसते. एक्सेल सेव्ह करताना आधी त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षरी विचित्र नावाची, एक्स्टेन्शन नसलेली तात्पुरती फाइल लिहितं आणि मग तिला मूळ नाव देतं. सेव्ह मध्येच तुटलं असेल तर ती तशीच पडून असते. तिची कॉपी काढून एक्सएलएसएक्स हे एक्स्टेन्शन लावून बघा.

फाइल डिलीट झाली असेल आणि रिसायकल बिनमध्येही नसेल, तर त्या डिस्कवर काम थांबवा. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर आशा कमीच, कारण ती पुसलेली जागा लवकर साफ करून टाकते.

पासवर्ड विसरलात तर

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फाइल उघडण्याचा पासवर्ड २००७ पासून एईएस नावाच्या पद्धतीने सगळी फाइल एन्क्रिप्ट करतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदलतो. तो विसरलात तर मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही. 'प्रोटेक्ट शीट'चा पासवर्ड मात्र कोणी चुकून फॉर्म्युला पुसू नये एवढ्यासाठीच असतो. त्यामागे लपवलेला रकाना सुरक्षित आहे असं समजू नका.

पुढच्या वेळेसाठी

'सेव्ह ॲज'च्या चौकटीत 'टूल्स', मग 'जनरल ऑप्शन्स', तिथे 'ऑल्वेज क्रिएट बॅकअप'वर टिक करा. दर सेव्हला आधीची आवृत्ती बाजूला राहते. 'ऑटोरिकव्हर' (काम चालू असताना आपोआप प्रत ठेवण्याची सोय) मुळात १० मिनिटांवर असतं, ते ३ वर आणा.

जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये मोठा डेटा ठेवू नका. त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. नव्या फॉरमॅटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या फॉरमॅटच्या याच मर्यादेमुळे १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत.

बॅकअपचा जुना नियम तीन-दोन-एक असा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. क्लाउडवर आपोआप सिंक होणारं फोल्डर या हिशेबात पूर्ण प्रत धरू नका, कारण इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून, शेवटच्या ओळीपर्यंत खाली जाऊन बघा.