मशीन उघडण्याआधी: कुलूप, टॅग आणि आत उरलेला जोर

दुरुस्तीला घेतलेले मशीन दोन कारणांनी अचानक हलते. एक तर दुसऱ्या कोणीतरी ते चालू केलेले असते, नाहीतर आत अडकलेला जोर सुटलेला असतो. पहिल्यावर कुलूप हा इलाज आहे, दुसऱ्यावर नाही. म्हणून कुलूप लागले की निम्मेच काम झाले असे धरावे.

स्टॉप किंवा लाल इमर्जन्सी बटण दाबून आत हात घालणे ही सगळ्यात जुनी खोड. ही बटणे बहुधा फक्त कंट्रोल सर्किट तोडतात. मुख्य सप्लाय कॉन्टॅक्टरपर्यंत (मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचपर्यंत) येऊन उभाच असतो. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले तर बटण दाबूनही मोटर फिरत राहते. शिवाय इमर्जन्सी बटण जाता जाता कोणीही फिरवून सोडवू शकतो.

बंद करताना क्रम पाळा. आधी स्टॉप बटणाने मशीन थांबवा, मगच आयसोलेटर, म्हणजे मेन सप्लाय तोडणारा हँडलचा स्विच, खाली करा. लोडवर, म्हणजे मशीन चालू असतानाच, ओढला तर आत आर्क (विजेचा भडका) होतो, म्हणून हँडल ओढताना पॅनलसमोर न राहता बाजूला उभे राहा. फ्लायव्हील आणि ब्लोअर सप्लाय गेल्यावरही बराच वेळ फिरतात. पूर्ण थांबल्याशिवाय गार्ड काढू नका.

आता कुलूप. माणूस एक, कुलूप एक, किल्ली एक, आणि ती त्याच्याच खिशात. चौघे काम करत असतील तर आयसोलेटरला हॅस्प (अनेक कुलपे लावता येणारी कडी) अडकवून चार कुलपे लावा. हेल्परचेही वेगळे कुलूप हवे. आत वाकून बसलेला बहुतेक वेळा तोच असतो. टॅगवर नाव, काम, तारीख आणि वेळ लिहा. नुसता टॅग म्हणजे फक्त विनंती, त्याने हँडल अडत नाही.

मग खात्री. आजूबाजूला कोणी नाही हे बघून स्टार्ट बटण दाबा, मशीन हलले नाही की सिलेक्टर परत ऑफवर आणा. त्यानंतर, ज्याला पॅनल उघडण्याची परवानगी आहे अशा वायरमनने मल्टीमीटर आधी चालू सप्लायवर लावून बघावा, मग आर, वाय, बी या तीन फेजमध्ये आर-वाय, वाय-बी, बी-आर आणि प्रत्येक फेज ते अर्थ अशी सहा मापे घ्यावीत, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू सप्लायवर तपासावा. हे दुसऱ्यांदा तपासणे लोक टाळतात. पण प्रोबची वायर आतून तुटली असेल तरी मीटर शून्यच दाखवतो, आणि ते शून्य बघून माणूस बसबारला, म्हणजे पॅनलमधल्या सप्लायच्या पट्टीला, हात लावतो. निऑन टेस्टरवर तर विसंबूच नका: कोरड्या लाकडी फळीवर उभे असाल किंवा उजेड जास्त असेल तर त्याचा दिवा दिसतच नाही.

मेन बंद असूनही दोन जागा जिवंत राहतात. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटमध्ये) आतल्या डीसी बसवर साधारण 550 ते 590 व्होल्ट असतात आणि डिस्प्ले विझला तरी कपॅसिटर भरलेले असतात. झाकणावर लिहिलेली वेळ थांबा, मग डीसी रेंजवर मोजा. दुसरी जागा म्हणजे शेजारच्या पॅनलमधून आलेली इंटरलॉकची (दोन मशीनची चालू-बंद स्थिती एकमेकांशी बांधणारी) वायर. बऱ्याच पॅनलमध्ये ती नारिंगी असते, पण रंगावर जाऊ नका, मोजा.

हवेच्या लाइनवर फसगत जास्त होते. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की पुढची हवा सिलिंडरपर्यंत तशीच कोंडलेली राहते. जॉब अडकल्याने रॉड अर्ध्यावर थांबलेला असतो. पान्याने जॉब मोकळा केला की रॉड झटक्यात पुढे येतो आणि बोट मध्ये सापडते. म्हणून बंद होताना पुढची हवा बाहेर सोडणारा, कुलूप लागणारा व्हॉल्व्ह बसवा आणि गेज शून्यावर आल्याचे बघा. तरीही सिलिंडरच्या तोंडाशी पायलट चेक व्हॉल्व्ह (सिग्नल मिळेपर्यंत हवा परत जाऊ न देणारा) असेल तर आत हवा उरतेच, आणि ती या गेजवर दिसत नाही. ती वेगळी सोडावी लागते. हायड्रॉलिकमध्ये ॲक्युम्युलेटरचे (दाबाखाली तेल साठवणाऱ्या बाटलीचे) प्रेशर टाकीत सोडल्याशिवाय पाइपच्या नटला पाना लावू नका. प्रेसचा रॅम (वरखाली होणारा जड भाग) वर असेल तर खाली सेफ्टी ब्लॉक ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा नको.

काम संपल्यावर हत्यारे मोजा, गार्ड बसवा, माणसे मोजा. मगच ज्याने त्याने आपापले कुलूप काढायचे. शिफ्ट बदलताना आधी येणाऱ्याचे कुलूप लागते, मग जाणाऱ्याचे निघते. मध्ये एक क्षणही हॅस्प रिकामा नको.

कोणी कुलूप लावून घरी गेला तर ते तोडण्याची घाई करू नका. सुपरवायझरने आधी त्याला फोन करायचा, तो आवारात नाही याची खात्री करायची, मशीन स्वतः फिरून बघायचे, मग नोंद करून कुलूप कापायचे. तो परत आला की कामाला हात लावण्याआधीच त्याला सांगायचे, नाहीतर आपले कुलूप अजून जागेवर आहे असे समजून तो थेट मशीनमध्ये शिरेल.