एएफ ॲब्लेशन शिकताना: वर्तुळ पुरे झाले, तरी ते टिकेल का?

डीएम कार्डिऑलॉजी संपवून इलेक्ट्रोफिजिओलॉजीच्या (हृदयाच्या विद्युत-लयीच्या शाखेच्या) फेलोशिपला आलो, तेव्हा एट्रियल फिब्रिलेशनचे (एएफ, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) ॲब्लेशन, म्हणजे कॅथेटरने फुप्फुसशिरांभोवती डागांचे वर्तुळ पाडून त्यांना विद्युतदृष्ट्या वेगळे करणे, यशस्वी झाले हे ठरवण्याची माझी कसोटी फार सोपी होती: प्रक्रियेच्या शेवटी चारही फुप्फुसशिरांमधले विद्युत-संकेत थांबले की काम फत्ते. ज्येष्ठांच्या देखरेखीखाली मी हाताळलेल्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक जण सव्वा वर्षाने पुन्हा धडधड घेऊन आला आणि दुसऱ्या प्रक्रियेत डाव्या वरच्या शिरेत संकेत पूर्ववत वाहताना दिसले. जुना नकाशा (पहिल्या वेळी कुठे कोणते डाग दिले याची संगणकातली नोंद) उघडला तेव्हा वर्तुळातली फट नेमकी कुठे आहे हे शोधावे लागले नाही; कॅथेटर घसरत होता म्हणून मी घाईने पुढे सरकलो होतो, तीच ती जागा.

शिरा वेगळ्या का करायच्या, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले: ४५ रुग्णांमध्ये सापडलेल्या, एएफ सुरू करणाऱ्या ६९ उगमस्थानांपैकी ९४ टक्के फुप्फुसशिरांमध्येच होती. पण रेडिओफ्रिक्वेन्सी विद्युतप्रवाहाच्या उष्णतेने ऊती कायमची मरण्यासाठी तिचे तापमान साधारण ५० अंशांपुढे जावे लागते. डागाच्या कडेची, तेवढी न तापलेली ऊती नुसती बधिर होते आणि सुजते; त्या दिवशी ती गप्प असते, काही आठवड्यांनी सूज उतरली की पुन्हा बोलू लागते. म्हणून शेवटचा डाग दिल्यावर किमान २० मिनिटे थांबून शिरा पुन्हा तपासणे किंवा ॲडिनोसिन हे औषध देऊन सुप्त जोडणी उघड होते का ते पाहणे, हा वेळेचा अपव्यय नव्हे. (रात्रीचे आठ वाजलेले असताना तसे वाटते, हे कबूल.)

नवख्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो कॅथेटरच्या टेकण्यावर. डाव्या शिरा आणि अपेंडेज (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला जोडलेली छोटी पिशवी) यांच्यामधली अरुंद कड आणि उजवीकडच्या दोन शिरांमधला जाड भाग, या दोन ठिकाणी माझे हात सर्वाधिक फसले. टोकावरचा दाब ग्रॅममध्ये दाखवणारे कॅथेटर आले तरी पडद्यावरचा सरासरी आकडा फसवतो. श्वासागणिक दाब ५ वरून ३० ग्रॅमवर जात असेल, तर सरासरी उत्तम दिसूनही डाग उथळ राहतो. त्यामुळे भूलतज्ज्ञांशी श्वासाच्या गतीबद्दल आधीच बोलून घ्यावे. बेल्जियममधल्या ब्रूझ शहराच्या गटाने मांडलेल्या क्लोज पद्धतीत लगतच्या दोन डागांमधले अंतर ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे आणि ॲब्लेशन इंडेक्स (दाब, वेळ आणि शक्ती यांवरून काढलेला डागाचा अंक) पुढच्या भिंतीवर किमान ५५०, मागच्या भिंतीवर ४०० असावा, असा दंडक आहे. मागे आकडा कमी, कारण तिथे भिंत पातळ असून तिला अन्ननलिका लागून असते. टिकाऊपणाच्या हट्टापायी तिथे जास्त तापवणे जिवावर बेतू शकते.

वर्तुळे कच्ची ठेवून शिरांबाहेर जादा डागांच्या रेषा मारण्याचा मोह मला झाला होता. आपोआप न थांबणाऱ्या (पर्सिस्टंट) एएफच्या ५८९ रुग्णांवरील स्टार एएफ-२ चाचणीत, २०१५ साली, अशा जादा डागांचा लाभ दिसला नाही. पल्स्ड फील्ड पद्धतीत उष्णतेऐवजी विद्युत-स्पंदने पेशींची आवरणे भेदतात आणि अन्ननलिका बरीच सुरक्षित राहते, पण कॅथेटर भिंतीशी नीट भिडला नाही तर तिथेही फट राहतेच.

लॅबबाहेरचे काम आम्हाला कोणी फारसे शिकवत नाही. ॲडलेडच्या अरेस्ट-एएफ अभ्यासात, २०१४ साली, वजन, रक्तदाब, मधुमेह, झोपेतला श्वासावरोध आणि दारू यांवर नेटाने काम केलेल्या रुग्णांत ॲब्लेशनचा परिणाम स्पष्टपणे जास्त टिकला. पहिल्या दोन महिन्यांतली धडधड मात्र लगेच अपयश धरू नये. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मतैक्यात हा सवलतीचा काळ तीनवरून दोन महिन्यांवर आणला आहे, आणि हे रुग्णाला प्रक्रियेआधीच सांगावे.

एएफ परतलेल्या रुग्णांच्या शक्य तितक्या दुसऱ्या प्रक्रियांना उभे राहा. आमचे वरिष्ठ जुना नकाशा दाखवून, कॅथेटर आत जाण्यापूर्वीच, फट कुठे असेल याचा अंदाज वहीत लिहायला लावत. माझे पहिले अंदाज बहुतेक चुकले, कारण मी डागांमधली अंतरे पाहत होतो आणि प्रत्येक डागाला कॅथेटर किती सेकंद स्थिर होता हे पाहत नव्हतो.