कोल्हापुरातून कळसूबाई

"पन्हाळा पायी चढतोय की, कळसूबाईचं काय एवढं?" म्हणणाऱ्या माझ्या भाच्याला निम्म्या वाटेवर लिंबू-मीठ पाजावं लागलं. शिखर १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच. चढायलाच तीनेक तास धरा.

रात्रीच निघा. पुणे, संगमनेर, अकोले, राजूर करत पहाटे बारी गाव गाठायचं. उजाडताच चढ सुरू, म्हणजे ऊन तापायच्या आत माथा. रविवार टाळाच, लोखंडी शिड्यांवर रांग लागते. भर पावसात त्या निसरड्या होतात, मी तरी दिवाळीनंतरच जातो.

माणशी तीन लिटर पाणी, भाकरी, खर्डा. तांबडा-पांढरा घरी आल्यावर! माथ्यावरच्या देवळापाशी वारा झोंबतो, जर्किन विसरू नका.