वर्डमध्ये एखादा शब्द किती वेळा आला, ते मोजा

लेखात एकच शब्द फार वेळा येतोय असं वाटलं, तर वर्डमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबा. डावीकडे उघडणाऱ्या चौकटीत शब्द टाइप केला की तो किती ठिकाणी आहे, तो आकडा तिथेच दिसतो. गूगल डॉक्समध्येही हीच कळ चालते.

मराठीत मात्र या आकड्यावर लगेच विसंबू नका. ‘पाणी’ शोधलंत तर ‘पाणीपुरवठा’ही मोजला जातो आणि ‘पाण्यात’, ‘पाण्याला’, ‘पाण्याचा’ मात्र सगळे निसटतात. म्हणून ‘पाण्या’ असं सामान्यरूप वेगळं शोधून दोन्ही आकड्यांची बेरीज करा. ‘मराठी’सारख्या शब्दाला ही अडचण नाही, कारण ‘मराठीत’, ‘मराठीला’ त्यातच सापडतात. फक्त ‘अमराठी’ वजा करा.