तक्रार डावीकडे, उपकार उजवीकडे

माझ्याकडे आठ वह्या आहेत. शंभर पानी, साध्या, रेघांच्या. आठवी अजून चालू आहे. पहिल्या वहीची सुरुवातीची एकवीस पानं फाडलेली आहेत. ती मीच फाडली, आणि का फाडली ते आधी सांगते, नाहीतर तक्रार आणि उपकार वहीत कसे लिहायचे हे पुढचं सगळं उपदेशासारखं वाटेल.

ह्यांना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. काहीही विचारलं की फक्त ‘हो’. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात चर्चच्या संगतीतल्या एक बाई भेटायला आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, “वचन काय सांगतं? सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. मग या आजाराबद्दलही देवाचे आभार मान बरं.” बाई प्रेमाने बोलल्या होत्या. मी आज्ञाधारक. त्या रात्रीपासून रोज एका पानावर एकच वाक्य लिहायला लागले: ‘प्रभू, या आजाराबद्दल तुझे आभार.’

एकवीस रात्री लिहिलं. बाविसाव्या रात्री तिसऱ्यांदा ओली चादर बदलून वही उघडली आणि ती सगळी पानं टराटरा फाडली. खोटं होतं ते. आणि ज्याला फसवता येत नाही त्यालाच मी तीन आठवडे फसवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी ते वचन पुन्हा काढून वाचलं. बायबलमधलं, प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, 5:18. ‘सर्व स्थितीत.’ शाळेत विभक्तीचे प्रत्यय घोकले होते, ते पहिल्यांदा कामी आले: त, ई, आ – सप्तमी. सप्तमी जागा दाखवते. घरात, पाण्यात, स्थितीत. मी कुठे उभी राहून आभार मानायचे ते पौल सांगतोय. कशाचे मानायचे ते इथे सांगत नाही. मूळ ग्रीकमध्येही ‘एन पान्ति’ आहे, म्हणजे ‘सगळ्यात’. त्या एका ‘त’मुळे माझा श्वास मोकळा झाला.

इफिसकरांस पत्रात (5:20) ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंही आहे, हे कोणी काढून दाखवण्याआधी मीच सांगते. ते मला बरेच दिवस टोचत होतं. मग मी प्रभू येशूकडे पाहायचं ठरवलं, त्याने स्वतः काय केलं? आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी तो रडला. योहान 11 मध्ये ते आहे. मरणाबद्दल त्याने आभार मानले नाहीत. पित्याने आपलं ऐकलं याबद्दल मानले. आणि ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्री त्याने हातात भाकर घेऊन उपकारस्तुती केली. भाकरीबद्दल. धरून देणाऱ्या यहूदाच्या कृत्याबद्दल नव्हे. एवढं मला पुरलं. पंडितांना पुरेल की नाही ते त्यांनी बघावं.

तर आता पद्धत.

आधी डावं पान

वही उघडून समोर ठेवा, म्हणजे दोन पानं दिसतील. डाव्यावर तक्रार लिहायची, उजव्यावर उपकार. आणि डावं आधी. हे उलटं केलंत तर उजव्या पानावर पुन्हा माझ्यासारखी एकवीस खोटी वाक्यं जमतील.

तक्रार लिहायला भीती वाटते, मला माहीत आहे. आपल्याला लहानपणापासून कुरकुर म्हणजे पाप असंच शिकवलेलं असतं. पण स्तोत्रसंहिता उघडा. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं. पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि विश्वासाचं वळण येतं थेट पाचव्यात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर वळतच नाही. अंधारात सुरू होतं, अंधारात संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. विलापगीतात देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे वाक्य आपण कार्डांवर छापतो, पण ते तिसऱ्या अध्यायाच्या 22व्या-23व्या वचनात आहे. त्याआधी जवळजवळ वीस वचनं तो माणूस सांगतोय की देवाने माझी हाडं मोडली, मला कोंडून घातलं, अस्वलासारखा माझ्यावर दबा धरला. एकूण 66 वचनांचा अध्याय. कार्डावर दोन येतात.

मग अरण्यातल्या इस्राएल लोकांची कुरकुर देवाला का खुपली? मला जो फरक दिसतो तो असा: ते लोक आपापल्या तंबूंत बसून देवा‘विषयी’ बोलले. स्तोत्रकर्ता देवा‘शी’ बोलतो. म्हणून डाव्या पानाला एकच नियम आहे: प्रत्येक वाक्यात ‘तू’ आला पाहिजे. ‘माझं नशीबच फुटकं’ असं नाही लिहायचं. ‘तू बघतोस ना, आज चार रात्री मी झोपले नाही’ असं लिहायचं. करून बघा, पहिल्यांदा हात थरथरतो.

मग उजवं पान

इथे नियम थोडे जास्त आहेत, कारण खोटं शिरायला हेच पान सोपं.

आज घडलेलं लिहा. ‘कुटुंब, आरोग्य, छप्पर’ असं रोज लिहिलंत तर दहाव्या दिवशी तो हजेरीपट होतो. माझ्या दुसऱ्या वहीतली एक ओळ सांगते: ‘आज घट्ट केलेलं पाणी सात चमचे गेलं, एकदाही ठसका लागला नाही.’ पक्षाघातानंतर ह्यांना पातळ पाणी गिळता येत नव्हतं, श्वासनलिकेत जायचं, म्हणून पावडर घालून ते दाट करावं लागे. सात चमचे म्हणजे काय, हे ज्याने भरवलंय त्यालाच कळेल. देवाला कळतं. म्हणून त्याला आकडा सांगायचा.

दुसऱ्याशी तुलना करायची नाही. ‘लोकांचं याहून वाईट असतं, माझं बरं आहे’ हे वाक्य मला सगळेच ऐकवून गेले. लूक 18 मधला परूशी, तो स्वतःला नीतिमान समजणारा धर्मनिष्ठ, आठवतो का? तोही मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत होता: मी इतरांसारखा नाही म्हणून! शेजारच्याच्या दुःखावर उभं राहून मानलेले आभार त्या परूशाचे. ते लिहायचेच नाहीत.

आणि ‘पण’ लिहायचा नाही. ‘आज ह्यांनी मला ओळखलं नाही, पण ऊन छान होतं.’ हे वाचून बघा, किती पोकळ लागतं. उन्हाने ओळख भरून निघते का? तक्रार तिच्या पानावर पूर्ण राहू दे, ऊन त्याच्या पानावर. दोन्ही खरी आहेत, एकीने दुसरीला खोडायचं काही कारण नाही. मधे शिवण आहे ना वहीची, ती तेवढ्यासाठीच.

जागा लागते किती? एका जोडपानावर माझे चार दिवस बसतात. जास्त लिहू नका. थकलेल्या माणसाने निबंध लिहू नये.

वेळ

सकाळी उठून शांत मनाने वगैरे, ते मला कधी जमलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यामुळे रात्रभर गजर. बाराचा, दोनचा, चारचा. दोनच्या गजरानंतर मला झोप लागायची नाही, म्हणून वहीची वेळ ती ठरली. सांगायचा मुद्दा, वेगळी वेळ काढायला जाऊ नका. जे काम रोज करावंच लागतं त्याच्या शेपटीला वही बांधा.

त्या वेळी मला फिलिप्पैचा तुरुंग फार जवळचा वाटायचा. प्रेषितांची कृत्ये, 16वा अध्याय. फटके खाऊन कोंडलेले पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्रीच्या सुमारास गात होते, आणि मग भूमिकंप झाला, हे आपण सांगतो. मी एकदा नीट वाचलं तर लक्षात आलं, त्यांच्या जखमा बंदिशाळेच्या नायकाने धुतल्या त्या भूमिकंपानंतर. म्हणजे गाताना पाठीवरचं रक्त तसंच होतं, पाय खोड्यात होते, आणि दार उघडणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एक रात्र सांगते. दोन वाजता ह्यांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली, मांड्यांच्या मधे दुसरी. ते जागे होते, घशातून कण्हल्यासारखा आवाज. मला काही सुचेना, वही लिहिण्याचंही त्राण नव्हतं, म्हणून मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. ‘आमची रोजची भाकर’पाशी आले तर दुसरा आवाज येतोय. घोगरा, अडखळत, माझ्या अर्धा शब्द मागे. “…आज आम्हांला दे.” चार महिने ज्या माणसाला ‘पाणी’ म्हणता आलं नव्हतं तो ‘आम्हांला दे’ म्हणत होता. मी थांबले. तेही थांबले. विचारलं, “पाणी हवं?” तर “हो.” पुन्हा प्रार्थना सुरू केली तर पुन्हा आवाज.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाठ असलेल्या ओळी, गाणी, आकडे हे कधी कधी टिकून राहतात, स्वतःचं वाक्य जुळवता आलं नाही तरी. म्हणजे चमत्कार नव्हता, मेंदूचा प्रकार होता. मी तरीही उजव्या पानावर लिहिलं. कारण माहीत झालं म्हणून देणं कमी होत नाही. त्या रात्रीच्या डाव्या पानावर लिहिलंय: ‘माझं नाव मात्र तू त्याच्याकडून काढून घेतलंस.’ तेही खरं. नाव शेवटपर्यंत परत आलं नाही.

माणसांचे आभार

लिहून ठेवलेलं तोंडाने सांगायला हवं. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एक, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका मानलेला. प्रभूने विचारलं, बाकीचे नऊ कुठे? पौल आपल्या बहुतेक पत्रांच्या सुरुवातीलाच ज्यांना लिहितोय त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो. गलतीकरांस पत्रात मानत नाही. तिथे तो तापलेला आहे आणि थेट मुद्द्यावर येतो. मला त्याचा फार आधार वाटतो! प्रेषितालाही एखाद्या दिवशी जमलं नाही.

आठवड्यातून एकाला सांगा. काय केलं ते नेमकं सांगा. ह्यांना अंघोळ घालायला येणाऱ्या मुलाला मी ‘थँक्यू’ रोजच म्हणायचे, तो मान हलवायचा. एकदा म्हटलं, “तू पाणी आधी तुझ्या मनगटावर घेऊन बघतोस, ते मी बघते.” तो नुसता बघत राहिला.

जिथे हे वापरायचं नाही

दुसऱ्याच्या अंगावर तर मुळीच नाही. दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत त्याचं वस्त्र काढून घेणं, असं नीतिसूत्रांत (25:20) आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते, तोवर उत्तम मित्र होते. घरात कोणी मारत असेल, छळत असेल, तर वही मिटा आणि तिथून बाहेर पडा, मदत मागा. पौलही दिमिष्काच्या (दमास्कसच्या) तटावरून टोपलीत बसून निसटला होता. आणि आठवडेच्या आठवडे उठवत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. ते औषध उपकारस्तुतीच्या विरोधात नाही.

रिकामे दिवस

येतात. तेव्हा फक्त तारीख घालायची. उजव्या पानावर तारीख आणि पुढे कोरी ओळ. मी आलेय, माझ्याकडे काही नाही, एवढं त्यातून कळतं.

महिन्यातून एकदा मागची पानं वाचावीत. शमुवेल संदेष्ट्याने दगड उभा करून त्याला एबन-एजर नाव दिलं, ‘येथवर परमेश्वराने साहाय्य केलं’ म्हणून. ‘येथवर’ हा शब्द चांगला आहे, उद्याचं काही कबूल करत नाही. माझ्या डाव्या पानांवरच्या काही तक्रारींना उत्तरं मिळाली, त्यांच्यापुढे मी बारीक खूण केली आहे. बऱ्याच तक्रारींपुढे खूण नाही.

ह्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यानंतर नऊ दिवस डावं पान भरलं, उजवीकडे नुसत्या तारखा. गजर बंद करायचं कोणाला सुचलं नाही. रोज रात्री दोनला वाजायचा, मी पाय खाली टाकायचे आणि मग आठवायचं. दहाव्या रात्री दिवा लावून वही घेतली. डावीकडे लिहिलं: ‘दोनचा गजर झाला. आता कशाला उठवतोस?’ बराच वेळ बसून राहिले. मग उजवीकडे: ‘तूही जागा होतास.’

गजर अजून बंद केलेला नाही. दोनचा पाचवर नेला आहे.